चार्ल्सटन बघावं ते मागच्या अंगणातून

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हापासून अमेरिकेतल्या मराठी मंडळींत एक वाद सारखा निघतो. एक बाजू म्हणते, इथे दोनशे वर्षांची वीटसुद्धा जपतात, आपल्याकडे तटबंदीवर नावं कोरतात. दुसरी म्हणते, यांच्याकडे इतिहास आहेच किती, म्हणून परवडतं जपायला. हा वाद घालणाऱ्या दोघांनीही साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन नीट बघावं असं मला वाटतं. शार्लटहून गाडीनं साडेतीन तास, अटलांटाहून पाच. लाँग वीकेंडला पुरेसं आहे.

आधी वयाचं बघू. ही वसाहत १६७० ची आणि आजच्या जागेवर शहर आलं १६८० मध्ये. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा चार्ल्सटन चार वर्षांचं होतं, आणि सिंधुदुर्ग बांधून होऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा ‘यांना कुठला इतिहास’ हे इथे चालत नाही. जपणुकीचं म्हणाल तर १९२० मध्ये सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांच्या पुढाकारानं नागरिकांची संस्था उभी राहिली. १९३१ मध्ये शहरानं जुन्या भागासाठी नियम आणि वास्तू-समिती आणली. जुन्या वस्तीला असं कायद्याचं कुंपण घालणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. मुंबईत वारसा-नियम आले १९९५ मध्ये.

पण नुसती जपणूक बघून परत येणाऱ्याला अर्धंच शहर दिसतं. पहिली कित्येक दशकं चार्ल्सटननं विटा जपल्या आणि त्या कुणी भाजल्या ते मात्र सांगितलं नाही. बंगले, बागा, जिने, चांदीची भांडी सगळं दाखवलं, आणि हे ज्या गुलाम माणसांच्या श्रमावर उभं राहिलं त्यांची खोपटी बंद ठेवली. ते दार आता उघडू लागलंय. आपल्या किल्ल्यांवर काय दाखवायचं हे ठरत असताना आपण चार्ल्सटनकडून घ्यायचं ते हेच.

म्हणून बघण्याचा क्रम बदलावा. बहुतेक लोक रेनबो रो, बॅटरीचा समुद्रकाठ, मार्केट आणि घोडागाडी एवढं करून निघतात. रेनबो रो म्हणजे ईस्ट बे स्ट्रीटवरची रंगीत १३ घरं. ती पूर्वेला तोंड करून आहेत, त्यामुळे फोटो सकाळीच चांगले येतात आणि तिथे दहा मिनिटं पुरतात. घोडागाडीचा मार्ग निघताना सोडतीनं ठरतो, तो आपल्याला निवडता येत नाही. ‘रेनबो रो दाखवा’ म्हणून पैसे भरणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

सुरुवात करावी गॅड्सडेन्स व्हार्फपासून. आफ्रिकेतून गुलामांना आणणाऱ्या जहाजांचा हा धक्का. १८०८ मध्ये अशी आयात कायद्यानं बंद झाली, आणि त्याआधीच्या दोनेक वर्षांत इथेच हजारो माणसं उतरवली गेली. उत्तर अमेरिकेत आणलेल्या गुलामांपैकी जवळजवळ ४० टक्के चार्ल्सटनच्या बंदरातून आले असं मानलं जातं. जून २०२३ मध्ये याच जागेवर इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. इमारत १८ खांबांवर जमिनीपासून १३ फूट उचलून धरली आहे, कारण खालची जमीन बांधकामानं व्यापायची नाही असं वास्तुविशारदांनी ठरवलं. त्या मोकळ्या जागेत पाण्याचा एक उथळ हौद आहे. तळाशी माणसांच्या आकृत्या दाटीवाटीनं कोरल्या आहेत, जहाजाच्या तळघरात माणसं आडवी रचत तशा. पाणी चढतं तेव्हा आकृत्या बुडतात, उतरलं की वर येतात. खालची बाग तिकिटाशिवाय बघता येते. वरच्या संग्रहालयाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. ते आधीच काढा, आणि सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. तीन तास हाताशी हवेत.

तिथून एलिझाबेथ स्ट्रीटवरचं एकेन-रेट हाउस. विल्यम एकेन हे राज्याचे गव्हर्नर आणि भाताच्या शेतीवर गडगंज झालेले जमीनदार. घर १८२० च्या सुमाराचं. सांभाळणाऱ्या संस्थेनं ते नव्यासारखं केलेलं नाही. मिळालं तसं थोपवून धरलंय. भिंतीचा कागद सोलवटलेला, रंग उडालेला. काही पाहुणे वैतागतात की एवढे पैसे घेऊन पडकं घर दाखवलं. त्यांनी मागच्या अंगणात जावं. तिथे स्वयंपाकघर, तबेला आणि वर गुलामांच्या खोल्या मूळ रूपात उभ्या आहेत, आणि अशी अख्खी जोडी अमेरिकेतल्या शहरांत फार थोड्या ठिकाणी उरली आहे. कानात ऐकायची माहिती तुम्हाला दिवाणखान्याआधी तळघरात आणि अंगणात नेते. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे आणि मला तो फार योग्य वाटतो. मीटिंग स्ट्रीटवरचं १८०८ चं नॅथॅनिएल रसेल हाउस याच संस्थेचं आहे, दोन्हींचं जोडतिकीट स्वस्त पडतं. तिथला आधाराशिवाय तरंगल्यासारखा तीन मजली जिना बघण्यासारखा आहेच, पण एकाच घराला वेळ असेल तर एकेन-रेट निवडा.

शहरात फिरताना जुन्या भिंतींच्या विटांकडे जवळून बघा. काहींवर बोटांचे ठसे आहेत. ओली वीट साच्यातून काढून वाळवताना उलटायला लागते, त्या वेळी उमटलेले. बरेचसे ठसे लहान आहेत, कारण हे काम मुलांकडून करून घेत. मालवणला सिंधुदुर्गावर चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आपण भक्तीनं बघतो, आणि बघावाच. त्याच किल्ल्याचा चुना मळणारे, पाया घट्ट बसावा म्हणून शिसं वितळवून ओतणारे, कुरटे बेटावर दगड वाहून आणणारे कोण होते, हे तिथे कुणी सांगत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीशी तो गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पाथरवट, बेलदार, लोहार, कोळी, भंडारी यांना तशी पायरी मिळाली नाही. इथे फरक सांभाळायला हवा. स्वराज्याचे किल्ले बांधणारी माणसं आणि चार्ल्सटनचे गुलाम यांना एका मापानं मोजणं चूक होईल. मापं वेगळी असली तरी हात कुणाचे होते हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो.

चामर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट तासाभरात बघून होतं. १८५६ मध्ये शहरानं उघड्यावर माणसांचे लिलाव बंद केले, म्हणून दलालांनी ते चार भिंतींच्या आत नेले, त्यातली ही जागा. लहान आहे, बहुतेक मजकूर वाचायचा आहे, मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी थोडं सांगून ठेवा. बाहेरचा रस्ता जहाजांतून आलेल्या गोल दगडांचा आहे. स्ट्रोलर आणि चाकाची खुर्ची तिथे अडकते. चपला नकोत, बूट घाला.

फोर्ट सम्टरला फक्त बोटीनं जाता येतं. लिबर्टी स्क्वेअर किंवा समोरच्या पेट्रियट्स पॉइंटवरून बोट निघते, एका बाजूला अर्धा तास आणि किल्ल्यावर तासभर. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे साडेचारला याच्यावर तोफ डागली गेली आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. ५० फुटांची भिंत पुढच्या माऱ्यात ढासळली, म्हणून आज किल्ला बुटका दिसतो आणि जंजिरा बघितलेली मंडळी नाकं मुरडतात. बोटीवर बसल्यावर रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट आठवा. मे १८६२ मध्ये या गुलाम सुकाणूधारकानं गोरा कप्तान किनाऱ्यावर असताना ‘प्लँटर’ जहाज काढलं, कप्तानाची टोपी घातली, शिट्टीची खूण बरोबर दिली आणि सम्टरच्या तोफांखालून बायकामुलांसह निसटला. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. मुंबईच्या माणसाला इथे आणखी एक धागा सापडतो. या युद्धात दक्षिणेची बंदरं अडवली गेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि भाव मुंबईच्या बाजारात भडकले. वऱ्हाडाच्या कापसावर मुंबई श्रीमंत झाली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळली. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर त्याच काळाच्या उलाढालीची खूण आहे.

दुसरा दिवस ॲशली नदीकाठच्या मळ्यांसाठी ठेवा. मॅग्नोलिया, ड्रेटन हॉल, मिडलटन प्लेस एकाच रस्त्यावर आहेत. तिन्ही एका दिवसात करू नका, पाय जातात आणि डोक्यात काही राहत नाही. कोकणातल्या माणसानं मिडलटन घ्यावं, तिथल्या भातखाचरासाठी. खाचराच्या बांधात लाकडी पेटीसारखी मोरी पुरलेली असते, दोन्ही टोकांना वर टांगलेली झापं. भरतीला नदीचं गोडं पाणी वर चढतं, बाहेरचं झाप उचललेलं असेल तर ते आत शिरतं, आणि ओहोटी लागली की आतलं झाप पाण्याच्या दाबानंच मिटतं. उपसायचं असेल तेव्हा उलट करायचं. आपल्या खाजणातली उघाडी याच तत्त्वावर चालते, फक्त तिचं काम खारं पाणी बाहेर ठेवण्याचं. ही शेती जमीनदारांना येत नव्हती. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना भाताची जाण होती आणि तीच इथे राबवली गेली. गुलामी संपल्यावर बांध दुरुस्त करायला फुकटचे हात राहिले नाहीत, त्यात वादळं आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धंदा बसला. खारेपाटातले बांधही असेच माणसांच्या पाठीवर उभे होते. खोतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या. युनेस्कोच्या यादीतला खांदेरी त्याच अलिबाग तालुक्यात आहे. खांदेरी बघायला येणाऱ्याला चरीचं नाव कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

मळा बघताना कुठे काय सांगतात याचा फरक ओळखा. जेम्स आयलंडवरचा मॅक्लॉड हा मळा काउंटीच्या उद्यान विभागाकडे आहे आणि तिथली फेरी गुलामांच्या खोल्यांपासून, गल्ला लोकांच्या, म्हणजे या किनाऱ्यावरच्या गुलाम आफ्रिकनांच्या वंशजांच्या, बाजूनं सांगितली जाते. काही ठिकाणी अजून बागेची आणि लग्नसमारंभांची जाहिरात पुढे असते. शहरात वाटाड्यांना परवाना सक्तीचा होता, तो नियम २०१८ मध्ये न्यायालयानं रद्द केला, म्हणजे आता कुणीही वाटाड्या होऊ शकतो. फेरी ठरवण्याआधी ‘गुलामांच्या वस्तीत नेणार का’ एवढं विचारा. उत्तरावरून फेरीचा दर्जा कळतो.

आता दुसरी बाजू. जुनी घरं दुरुस्त होत गेली तसं भाडं आणि कर वाढले आणि कृष्णवर्णीय कुटुंबं जुन्या शहरातून बाहेर ढकलली गेली. ॲन्सनबरो या जुन्या वस्तीची दुरुस्ती देशभर वाखाणली गेली, त्यात आधीचे रहिवासी गेले. पुण्याच्या वाड्यांबद्दल ‘चार्ल्सटनसारखं करा’ म्हणणाऱ्यांनी भाडेकरूंचं काय हे आधी सांगावं. आणि सत्य सांगणंही इथे सहज झालेलं नाही. जून २०१५ मध्ये इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ माणसांना वंशद्वेषातून मारलं गेलं. २०१८ मध्ये नगर परिषदेनं गुलामीबद्दल माफी मागितली, तीही ७ विरुद्ध ५ मतांनी. गुलामीचा कैवारी कॅल्हूनचा पुतळा जून २०२० मध्ये उतरला. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी केंद्राच्या स्मारकांवर देशाला कमीपणा आणणारा मजकूर नको असा आदेश काढला. वाद चालू आहे, आपल्याकडे आहे तसाच.

जायचं कधी? मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टचा दमटपणा मुंबईकरालाही जड जातो आणि चक्रीवादळांचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरअखेर असतो. शरद ऋतूत उधाणाचं कोष्टक बघा. भरती सात फुटांवर जाणार असेल तर मार्केटच्या आसपास आणि लॉकवुड ड्राइव्हवर खारं पाणी येतं, पाऊस नसतानाही. गाडी तिथे ठेवू नका, त्या पाण्यातून चालवूही नका, ब्रेक आणि तळ गंजतो. बहुमजली वाहनतळात गाडी लावून फुकटच्या डॅश बसनं फिरा. शाकाहारी मंडळींनी रेड राइस, कोलार्डची भाजी आणि चवळीभात विचारूनच मागवावा, तिन्हींत बहुधा डुकराचं मांस असतं. ग्रिट्स म्हणजे मक्याची लापशी, तीही कधी कोंबडीच्या रश्शात शिजवतात. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. गवताच्या विणलेल्या टोपल्या घ्यायच्या तर विणणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका, एकेकीला कित्येक दिवस लागतात. यातली पसरट टोपली मुळात भात पाखडायचं सूप आहे.

किल्ल्यांवर नवे माहितीफलक कसे असावेत याची चर्चा आपल्याकडे आता होते आहे. माझी मागणी साधी आहे. सिंधुदुर्गावर अजून काही कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या तरुणांना वाटाडे म्हणून शिकवा आणि पगार द्या. फलकावर तारीख आणि लढाई असू द्या, त्याखाली चुना कशात मळला, दगड कुठून आणले, पाणी कसं साठवलं आणि ही कामं कोणत्या जातींच्या, कोणत्या गावांच्या लोकांनी केली हेही लिहा. जिथे नावं सापडतात तिथे नावं लिहा.