खाडीच्या चिखलात काय बघायचंय म्हणणाऱ्यांसाठी

दरवर्षी फ्लेमिंगो आले की नवी मुंबईत पाम बीच रोडच्या बाजूला गाड्या लागतात, लोक उतरतात, मोबाईल वर करतात, लांबवर गुलाबी रेघ दिसली की फोटो काढतात आणि पाच मिनिटांत निघतात. यावं, जरूर यावं, मला आनंदच होतो. पण प्राणी दिसला, झालं काम, असं असतं का? तो तिथे काय करतोय, का करतोय हे बघायला थांबलात की खरी मजा सुरू होते. आणि त्यासाठी सुट्टी टाकून ताडोबाला जायलाच पाहिजे असं अजिबात नाही, आपल्या ठाणे खाडीत रोज ओहोटीला हे सगळं उघड्यावर चालू असतं आणि आपण त्याच्या बाजूने नाकाला रुमाल लावून जातो.

आता निवटी घ्या. आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण माहीत नाही असं कोणी सापडणार नाही, पण जिवंत निवटी काय काय करते ते बघितलंय का? मासा आहे तो, आणि तरी पाणी ओसरलं की पाण्यासोबत जात नाही, चिखलावरच थांबतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या भागातून श्वास घेतो, अंग सुकायला लागलं की मध्येच डबक्यात कुशीवर लोळतो आणि परत पुढच्या परांवर रेटत रेटत फिरायला लागतो. डोळे डोक्यावर, बेडकासारखे वर आलेले. एकटक बघत बसा त्याच्याकडे, मध्येच एक डोळा खाली खोबणीत जातो आणि ओला होऊन वर येतो. मासा चक्क डोळे मिचकावतो! पहिल्यांदा मला वाटलं भास झाला, मग परत बघितलं, परत केलं त्याने. चिखलावर डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत वरची शेवाळाची साय खरवडून खात असतो आणि शेजारचा हद्दीत आला की पाठीवरचा पर झेंड्यासारखा उभा करून तोंड वासून त्याच्या अंगावर जातो.

आणि त्यांचं बिळातलं आयुष्य तर अजून भारी. जपानमधल्या एका जातीवर संशोधन झालंय, २००७ साली प्रसिद्ध झालं. चिखलातल्या बिळात अंडी असतात, पण त्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच. मग नर काय करतो, ओहोटीला वर येऊन तोंडात हवा भरतो, खाली नेऊन अंड्यांच्या खोलीत सोडतो, परत वर येतो, परत भरतो, असं दिवसच्या दिवस चालतं. आणि पिल्लं बाहेर यायची वेळ झाली की एका रात्री भरती चढत असताना तोच नर ती हवा तोंडाने भरून बाहेर काढून टाकतो, म्हणजे खोलीत पाणी शिरतं आणि अंडी फुटतात. बोटभर मासा, भरतीची वेळ धरून हे सगळं करतो. आपल्या निवट्यांच्या बिळात नेमकं असंच चालतं असा माझा दावा नाही, पण हे वाचल्यापासून मला त्या भोकांकडे नुसती भोकं म्हणून बघताच येत नाही.

त्यांच्याच शेजारी ते एक हात मोठा असलेले छोटे खेकडे असतात, फिडलर म्हणतात त्यांना. मोठा हात फक्त नराला. तो हात वर-खाली हलवत मादीला बोलावतो, दुसऱ्या नराशी भांडतो, पण खायला त्याचा काही उपयोग नाही, खायचं ते लहान हाताने, त्यामुळे मादी दोन्ही हातांनी जेवते आणि नर एकाच. काही जातींमध्ये मोठा हात तुटला की नवा येतो तो दिसायला तसाच, पण हलका आणि ताकदीला कमी, आणि समोरच्याला नुसतं बघून ते कळत नाही! म्हणजे जोर नसला तरी रुबाब तोच.

सुरुवातीला मी उभी राहून बघायचा प्रयत्न करायचे, तर सगळे बिळात गायब. दिवाळे गावच्या एका काकांनी सांगितलं, "सावली पारू नको, मग बघ कशी भायेर येतान." तसंच होतं. सूर्य समोर ठेवून गप्प बसायचं, हात हलवायचा नाही, पहिली काही मिनिटं नुसता चिखल, मग एक डोळा, मग चार, आणि बघता बघता सगळा चिखल हलायला लागतो.

फ्लेमिंगोंकडेही असंच थांबून बघायला हवं. ते चोच उलटी करून पाणी आत घेतात आणि गाळून खातात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पिल्लाला आई आणि बाप दोघंही घशातून तयार होणारं लालसर दूध भरवतात हे माहितीये? पिल्लं जन्मतात ती राखाडी-पांढरी, गुलाबी रंग पुढे खाण्यातून येतो. ते इथे अंडी घालत नाहीत, कच्छच्या रणात वगैरे घालतात, इथे येतात ते चिखलातलं खायला. त्यांचं घड्याळ म्हणजे समुद्र. ओहोटीला खाडीतल्या चिखलावर, भरतीने तो बुडाला की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर आराम. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, हे फार चांगलं झालं, पण फ्लेमिंगोला अभयारण्याची हद्द कळत नाही, त्याला भरतीच्या वेळी टेकायला जागा लागते. नेरूळच्या तलावात भरतीचं पाणी येणं अडलं आणि २०२४ मध्ये तिथे जखमी, मेलेले पक्षी सापडले, तेव्हा फार वाईट वाटलं होतं मला, रागही आला. पाण्याची वाट उघडी ठेवायची, एवढी साधी गोष्ट आहे ही.

आणि कोल्हा. खारघर-बेलापूरकडे सोसायटीच्या ग्रुपवर कोल्ह्याचा व्हिडिओ आला की लगेच पकडून न्या, मुलं खेळतात वगैरे सुरू होतं. अहो, तो तिवरांत राहतो, खेकडे, मासे, उंदीर, फळं जे मिळेल ते खातो, आणि माणूस दिसला की स्वतःच सटकतो. जोडी वर्षानुवर्षं टिकते आणि आधीच्या वेताची मोठी झालेली पिल्लं कधीकधी आईबापाजवळ राहून धाकट्यांना भरवायला मदत करतात. रात्री एकाने कुई काढली की बाकीचे साथ देतात, ऐकलंय का कधी? काटा येतो अंगावर, भीतीने नाही. त्याला बिस्किटं घालू नका, कचरा उघडा टाकू नका आणि मागे धावून रील काढू नका, बाकी त्याचं तो बघून घेतो.

म्हणून कोणी ‘तिथे नुसता चिखल आहे, भराव टाकला तर काय बिघडतं’ म्हटलं की मी गप्प बसूच शकत नाही. मुलांना घेऊन एकदा ओहोटीच्या वेळी सारसोळे जेट्टीवर जा किंवा ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात, तिथली बोटही भरती-ओहोटी बघूनच सुटते त्यामुळे आधी फोन करून वेळ विचारा. टोपी, पाणी घ्या, भडक कपडे नकोत, आणि निदान अर्धा तास हातात ठेवून जा. दुर्बीण हवी असेल तर नेरूळमधल्या ओळखीच्यांनी माझी घेऊन जा, फक्त रविवारी परत द्या, मला लागते.