हंसा मेहता म्हणजे नुसती लायब्ररी नाही हो

काल भाची फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "चारला हंसा मेहताला भेटू." बडोद्यात हे रोजचंच, आम्हीपण कॉलेजात असताना हेच बोलायचो. सहज विचारलं, अगं हंसा मेहता कोण माहितीय का? म्हणाली, "आपली युनिव्हर्सिटीची लायब्ररी ना!" तेव्हापासून मनात घोळतंय म्हणून लिहितेय, लांब झालं तरी वाचा.

आपण दांडिया बाजार-रावपुऱ्यातली मराठी माणसं सयाजीरावांचं नाव अभिमानाने घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण त्यांच्या दिवाणांची, मनुभाई मेहतांची ही मुलगी. १९२४ मध्ये हिने डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं, ती नागर ब्राह्मण आणि ते वैश्य, म्हणजे त्या काळात केवढा गहजब झाला असेल! जातवाले उलटले तेव्हा महाराज पाठीशी उभे राहिले. पुढे हेच जीवराजभाई १९६० ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, पण हंसाबेनची ओळख 'त्यांची बायको' एवढ्यावर संपवली तर मला राग येतो.

१९३० मध्ये मुंबईत परदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांसमोर बायकांना घेऊन पिकेटिंग, म्हणजे गिऱ्हाइकांना अडवायला धरणं, करणारी ही बाई, जेलमध्ये गेली, १९३२ ला परत गेली. मग मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, मग घटना समितीत. तिथे तिचं म्हणणं स्पष्ट होतं, बायकांना राखीव जागा वगैरे नकोत, न्याय पाहिजे, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय. (राखीव जागांबद्दल माझं मत वेगळं आहे, आज तरी त्या लागतात असं मला वाटतं. पण तिची ताठ मान आवडते.) १४ ऑगस्टच्या मध्यरात्री भारतातल्या बायकांच्या वतीने सभागृहाला तिरंगा दिला तोही हिनेच.

आणि आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. युनोत मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता, पहिल्या कलमाच्या मसुद्यात होतं 'ऑल मेन'. कमिटीच्या अध्यक्ष एलेनॉर रूझवेल्ट, स्वतः बाई, त्यांना त्यात काही खटकत नव्हतं, मेनमध्ये बायका आल्याच की. हंसाबेन अडून बसल्या, आमच्याकडे याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावतील. शेवटी १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झालं ते 'ऑल ह्यूमन बीइंग्ज'.

शब्दाचा कीस काढला असं कुणाला वाटेल. मला नाही वाटत. बाबा गेल्यानंतर नात्यातले एक जण घराच्या कागदपत्रांसाठी आले होते, दारात आई आणि मी दोघी उभ्या, आणि ते विचारतात, "घरात कोणी माणूस नाही का?" आई काही बोलली नाही, नुसती बाजूला झाली. ते बाजूला होणं मला अजून दिसतं. आपल्या मराठीत बाईला 'बाईमाणूस' म्हणतात आणि माणूस म्हटलं की पुरुष, हे हंसाबेनना कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

१९४९ ला आपली एम. एस., म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी झाली तेव्हा पहिल्या कुलगुरू त्याच, १९५८ पर्यंत. मुलंमुली एकत्र शिकणाऱ्या युनिव्हर्सिटीची देशातली पहिली बाई कुलगुरू! होम सायन्स, फाइन आर्ट्स त्यांच्याच काळात उभं राहिलं. आई होम सायन्सचीच.

माझं म्हणणं एवढंच, लायब्ररीत शिरताना दिसेल असं ते पहिलं कलम मोठ्या अक्षरात लावा, गुजरातीत, आणि खाली मराठीतपण. मराठी करताना 'माणूस' लिहायचं की दुसरा शब्द शोधायचा, सांगा कमेंटमध्ये.