इन्सिडेंट रिपोर्ट कमी, म्हणून वॉर्ड चांगला?

आम्हा नर्सच्या कामात फीडबॅक मिळतो तो चूक झाल्यावरच. तोही नर्सिंग स्टेशनवर, सगळ्यांसमोर, कधी कधी तर नातेवाइकांच्या देखत. एखाद्या ज्युनिअर नर्सकडून डोस उशिरा गेला की आवाज चढतो. तीच मुलगी रात्रभर पेशंटवर डोळा ठेवून वेळेत डॉक्टरांना बोलावते, तेव्हा सकाळच्या हँडओव्हरमध्ये (पुढच्या पाळीला काम सोपवताना) त्याबद्दल अवाक्षर निघत नाही. असं वर्षभर चाललं की ज्युनिअर एकच गोष्ट शिकते: विचारायचं नाही, बोलायचं नाही, आपलं आपण निभावून न्यायचं.

मन दुखावलं जातं हे तर आहेच, पण मला काळजी पेशंटची वाटते.

2005 साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली नावाच्या बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग अडला. अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा तोंडातूनच नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. एका नर्सने ट्रॅकिऑस्टॉमीचं (गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट करण्याचं) साहित्य आणून ठेवलं, तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत बेड सांगितला, पण आपण उगाच घाबरतोय असं डॉक्टरांच्या नजरेवरून वाटलं आणि तिने तो रद्द केला. एलेन काही दिवसांनी गेल्या. काय करायला हवं हे त्या खोलीतल्या नर्सना कळत होतं, ते ठामपणे कसं म्हणायचं हे कळत नव्हतं. एलेन यांचे पती मार्टिन वैमानिक. पुढे त्यांनी याच विषयावर आयुष्य वेचलं.

ही बोलण्याची भीती ऑपरेशन थिएटरमध्ये तयार होत नाही. ती वॉर्डात, आपल्याच सीनिअर सिस्टरपुढे तयार होते. म्हणून डॉक्टर आपलं ऐकत नाहीत ही तक्रार करताना (ती खरीच आहे) आपण एकमेकींचं किती ऐकतो, हेही पाहायला हवं.

'आमच्या वॉर्डात वर्षभरात एकही इन्सिडेंट नाही', म्हणजे एकही चूक किंवा अपघात नोंदवलेला नाही, असं अभिमानाने सांगितलेलं ऐकलं की मला धास्ती वाटते. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. ज्या युनिट्समध्ये टीम चांगली, तिथे चुका जास्त नोंदवलेल्या दिसल्या. तिथे लोक चुकांबद्दल उघड बोलू शकत होते, हे त्यामागचं कारण त्यांना पुढे उमगलं.

फीडबॅक द्यायचा तर त्याच ड्युटीत, बाजूला घेऊन, आणि कामाबद्दल. 'तू निष्काळजीच आहेस' यातून कुणी काही शिकत नाही. 'बेड चारची कॅन्युलाची (सलाइनच्या नळीची) जागा सुजली होती, दुपारपासून चार्टवर नोंद नाही, काय अडचण आली?' असं विचारून बघा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र खरोखर ऐकून घ्या. बऱ्याचदा कळतं की एकाच वेळी दोन नवीन ॲडमिशन आले होते आणि मदतीला कुणी नव्हतं. मग चर्चा त्या मुलीवरून ड्युटीच्या वाटणीवर येते, आणि यायलाच हवी.

डॉक्टरांना फोन करण्यासाठी एसबार ही पद्धत आपल्याला शिकवतात: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करावं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून ती हॉस्पिटलमध्ये आली. आपण पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतो. 'सर, बी.पी. कमी आहे' म्हणून गप्प. त्याऐवजी: 'सर, बेड सात, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. बी.पी. 90/60, पल्स 124, लघवी खूप कमी झालीय. आतून रक्तस्राव असेल अशी मला शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा.' हे शेवटचं वाक्य ज्युनिअरच्या तोंडून सहज येत नाही. सीनिअरने शेजारी उभं राहून तिच्याकडून ते म्हणवून घ्यावं. फोन झाल्यावर 'बरोबर बोललीस' एवढं तरी म्हणावं.

आणि मेट्रन मॅडम, आम्हा सगळ्या नर्सच्या प्रमुख म्हणून एक मागणी तुमच्याकडे. इन्सिडेंट फॉर्म भरणाऱ्या नर्सला आठवड्याभरात कळू द्या की तो कोणी वाचला, काय आढळलं आणि काय बदललं. काहीच बदलणार नसेल, तर का नाही तेही सांगा. फॉर्मनंतर तिच्या हातात नुसता मेमो पडला, तर पुढचा फॉर्म ती भरणार नाही, आणि तिचं पाहून बाकीच्याही भरणार नाहीत.