चोवीस तासांत टाकी तयार होत नाही

नवा फिशटँक घेतला की कुठून तरी हा मेसेज येतोच: "टाकी भरा, बॅक्टेरियाची बाटली ओता, 24 तास फिल्टर चालवा. पाणी काचेसारखं दिसलं की मासे सोडा. विहिरीचं पाणी असेल तर बाटलीही नको, त्यात बॅक्टेरिया असतातच. फिल्टरचा स्पंज दर आठवड्याला नळाखाली स्वच्छ धुवा." कोकणात हा जास्तच खपतो, कारण परसात विहीर असते. त्यातलं विहिरीचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. पण आधी बाकीचं.

"24 तास फिल्टर चालवा." माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. बॅक्टेरियांचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो; दुसरा, मुख्यतः नायट्रोस्पिरा, नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. खरकटं कुजवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, पण या दोन गटांना सगळं मनासारखं मिळालं तरी अर्धा-एक दिवस लागतो. शिवाय रिकाम्या टाकीत त्यांना खायला अमोनियाच नसतो, मग फिल्टर महिनाभर फिरवला तरी काय वाढणार? पहिल्या 24 तासांत होतं ते एवढंच, की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. इथल्या हवेत पाणी बहुतेक वर्षभर 25 ते 31 अंशांवर राहतं, म्हणून हीटर लागत नाही. तरीही टाकी तयार व्हायला 3 ते 5 आठवडे धराच.

"काचेसारखं पाणी." हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत; स्पंज, खडी, काच यांवर चिकटून राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं ते कुजवणाऱ्या जिवाणूंमुळे, आणि निवळतं तेही त्यांचंच अन्न संपल्यामुळे. नितळ पाण्यात लिटरला 4 मिलिग्रॅम अमोनिया असू शकतो. डोळ्यांवर विसंबू नका. थेंबांची टेस्ट किट घ्या, अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) या तिन्हींची.

"बाटली ओता." बाटल्यांत फरक आहे. अमोनिया-नायट्राइट पचवणारे हे जिवाणू बीजाणू, म्हणजे तग धरणारं सुप्त रूप, करत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तापलेल्या बाटलीत किती जिवंत उरले असतील याचा भरवसा नाही. कोळंबीच्या तलावात टाकायची प्रोबायोटिक पावडर तर वेगळीच चीज. तिच्यात बहुधा बॅसिलस असतो. तो गाळ खातो, अमोनियाचं नायट्राइट करत नाही. त्यापेक्षा ओळखीतल्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून घरी आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा. आठवड्या-दोन आठवड्यांत काम होतं, तेही फुकटात.

आता विहीर. विहिरीच्या पाण्यात हे जिवाणू असतात, पण मूठभर. वाढायला अन्न आणि वेळ लागतोच. पावसाळ्यात गावातल्या विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर पडते, तेव्हा "विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतं" हेही खोटं ठरतं. अशा पाण्यात 100 लिटरला 1 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवा.

खरी अडचण जांभ्याची. जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी असतं, क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, नावापुरती. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं, ते ही क्षारता खाऊन टाकतं: लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनियामागे साधारण 12 मिलिग्रॅम. ज्या पाण्यात ती 25 आहे, ते एवढ्याच अमोनियाच्या दोन डोसांत रिकामं. मग पीएच घसरतो, 6.5 च्या खाली बॅक्टेरिया मंदावतात, 6 च्या खाली जवळपास थांबतात.

आणि मासे? ते मरत नाहीत! पीएच 6.5 ला विषारी रूपातला अमोनिया एकूण अमोनियाच्या अर्धा टक्कासुद्धा नसतो. मेसेजवाल्याला वाटतं, बघा, विहिरीचं पाणी मानवलं. महिन्याभराने कुणी सांगतं म्हणून टाकीत मूठभर सोडा पडतो, किंवा टँकरच्या कठीण पाण्याने निम्मी टाकी बदलली जाते. पीएच 8 वर जातो, साठलेल्या अमोनियाचे सहा-सात टक्के एका रात्रीत विषारी होतात आणि सकाळी सगळे गप्पी पालथे. दोष टँकरच्या पाण्याला! टाकीत मासे असतील आणि अमोनिया दिसत असेल, तर आधी त्याच विहिरीच्या पाण्याने रोज चौथा हिस्सा बदलून अमोनिया खाली आणा, पीएच नंतर आणि हळूहळू वाढवा.

मासे नसताना मात्र हे सोपं आहे. 50 लिटरला 3 ग्रॅम खायचा सोडा टाकला की क्षारता साधारण 35 मिलिग्रॅमने वाढते. सोबत तिसऱ्यांची किंवा कालवांची शिंपलं उकळून, फोडून, फडक्यात बांधून मूठभर फिल्टरपाशी ठेवा. ती आम्लात सावकाश विरघळत राहतात. अमोनियासाठी केमिकलच्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणा. नवसागर तोच, पण कल्हईवाल्याचा नको, त्यात भेसळ असते. 10 ग्रॅम 1 लिटर पाण्यात विरघळवा. त्यातले 30 मिली 50 लिटरच्या टाकीत टाकले की अमोनिया 2 मिलिग्रॅमच्या आसपास येतो. तो शून्यावर आला की पुन्हा तेवढंच. पीएच 6.8 च्या खाली गेला तर पुन्हा खायचा सोडा टाका. सोललेली कोळंबी फडक्यात बांधून टाकली तरी चालतं, पण मोजमाप राहत नाही आणि श्रावणात बंद घरात वास सोसवत नाही.

मधले काही दिवस नायट्राइट किटच्या तक्त्याबाहेर जाईल. घाबरू नका, निम्मं पाणी बदला. एक डोस 24 तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य करून दाखवेल, तेव्हा तीन चतुर्थांश पाणी बदलून त्याच दिवशी मासे सोडा. 50 लिटरला पाच-सहा गप्पी. मासे असताना नायट्राइट दिसलं तर 50 लिटरला 10 ग्रॅम मीठ. क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून कमी शोषलं जातं.

"स्पंज नळाखाली धुवा." क्लोरीनच्या नळाखाली धुणं म्हणजे पाच आठवड्यांची मेहनत मोरीत ओतणं. टाकीतलंच पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज दोनदा पिळा, पुरे. तोही प्रवाह मंदावला तरच.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: वीज. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये काही तासांत ऑक्सिजन संपतो आणि वीज आल्यावर तेच सडकं पाणी टाकीत परत येतं. म्हणून इथे टाकीतच बसणारा स्पंज फिल्टर बरा, जोडीला बॅटरीवरचा एअर पंप. डब्याचाच फिल्टर असेल तर वीज जाताच त्यातला स्पंज काढून टाकीत सोडा, आणि वीज येईपर्यंत माशांना खाद्य देऊ नका.