नाही, अख्खा ‘राजा हरिश्चंद्र’ सापडलेला नाही

परवा आत्याचा फोन आला. “अरे, दादासाहेब फाळक्यांचा अख्खा पिक्चर मिळाला! मी सगळ्यांना पाठवलासुद्धा.” अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, चष्मा लावून शेवटपर्यंत बघत बसली होती. तोच मेसेज दोन दिवसांत मला आणखी चौघांनी पाठवला: ‘1913 चा राजा हरिश्चंद्र, संपूर्ण, रंगीत, आवाजासह. एआयने रिस्टोअर केलेला. मूळ प्रिंट सरकारने पुण्यात दडवली होती. डिलीट व्हायच्या आत बघा.’

आधी ‘संपूर्ण’ या शब्दाकडे येतो. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागलेला हा मूकपट चार रिळांचा होता. त्यातलं पहिलं आणि शेवटचं, एवढी दोनच रिळं आज हाती आहेत. तीसुद्धा दादासाहेबांनी 1917 मध्ये पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राची असावीत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. मग या व्हिडिओत मधला सगळा भाग आला कुठून? यंत्राने रचला. त्याला रिस्टोरेशन म्हणायचं?

रिस्टोरेशनमध्ये शिल्लक असलेल्या प्रती एकमेकींशी ताडून बघतात. फीत साफ करतात, कडेची फाटलेली छिद्रं सांधतात, एकेक चौकट स्कॅन करतात, ओरखडे काढतात. जे नाही ते नाही म्हणून सांगतात. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचे हरवलेले तुकडे 2008 मध्ये ब्युनोस आयर्सला सापडले, तेव्हा ते ओरखड्यांसकट जोडले आणि तरीही न मिळालेल्या प्रसंगांच्या जागी पाट्या टाकल्या. घरी डिस्क लावणाऱ्यालाही कळतं, इथे भोक आहे.

आता या व्हिडिओतला हौदाचा प्रसंग बघा. मूळ रिळात तारामती आणि तिच्या दासी चिंब भिजलेल्या आहेत, आणि त्या सगळ्या पुरुष आहेत. 1913 मध्ये सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ओल्या लुगड्यातून दिसणारे ते दणकट खांदे हा आपल्या सिनेमाच्या जन्माचा पुरावा आहे. एआयने तिथे गुळगुळीत गालांच्या, नाजूक दंडाच्या बायका बसवल्यात. अण्णा साळुंके पुसून टाकले! आत्या म्हणाली, “किती सुंदर होती रे ती नटी.” मला तिथेच रडू आलं.

चालण्याचा वेग म्हणे एआयने सुधारला. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटी घेत. त्या चोवीसने चालवल्या की माणसं पळतात. वेग कमी करायला एआय लागत नाही.

‘सरकारने दडवली’ हे तर निव्वळ विष आहे. जुन्या फिती नायट्रेटच्या, आपसूक पेट घेणाऱ्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा मोठा साठा जानेवारी 2003 मध्ये तिथल्या आगीत गेला. या संग्रहालयानेच 1994 मध्ये काढलेला ‘लाइट ऑफ एशिया’ हा ग्रंथ उघडून बघा. त्यातल्या सूचीत तेराशेच्या वर भारतीय मूकपट आहेत. त्यांतले तुकड्यांसकट जेमतेम तीसेक उरलेत. बाबूराव पेंटरांचा 1925 चा ‘सावकारी पाश’सुद्धा त्यांत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. जे उरलंय तेही आपल्या घरापर्यंत नीट पोचत नाही. साठ वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपली, तरी 1928 चा ‘शिराझ’ हा मूकपट साफसूफ करून, अनुष्का शंकर यांच्या संगीतासह डिस्कवर आणला तो लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने. आपल्या मूकपटांची अशी डिस्क पुण्यातून घरोघरी यायला हवी होती. ती नाही म्हणूनच असले व्हिडिओ खपतात.

पण खरं नुकसान वेगळंच आहे. सगळं सापडलं असं वाटलं की शोधणं थांबतं. शोध चालू होता म्हणूनच 1919 चा ‘कालिया मर्दन’ हे संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवला. त्याच वर्षीच्या ‘बिल्वमंगल’चा तुकडा पॅरिसहून आला.

तेव्हा कुणाच्या माळ्यावर गोल पत्र्याचे डबे असतील, तर ते उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. फीत चिकट झाली असेल, तपकिरी भुकटी पडत असेल, तर ओढून उलगडू नका आणि प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नका. डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. आत्यालाही मी हेच लिहून पाठवलंय, ज्या ज्या ग्रुपवर तिने तो व्हिडिओ टाकला होता तिथे टाकायला.