हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश थांबवू नका

ब्रश करताना थुंकीत लाल दिसलं की बहुतेक जण काय करतात, तर त्या बाजूला ब्रश फिरवणंच सोडतात. हिरडी नाजूक झालीय, कशाला उगाच दुखवा. नळ सोडला, लाल वाहून गेलं, विषय संपला. अहो उलटं आहे सगळं! रक्त येतंय कारण तिथे घाण साठून हिरडी सुजलीय, आणि तुम्ही नेमकी तीच जागा सोडून देताय.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर सतत बसत असतो, तो प्लाक. पांढरट, मऊ, नखाने खरवडला तर नखात येतो आणि ब्रशने सहज निघतो. पण नाही काढला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरायला लागतं, दोन-तीन दिवसांतच तो घट्ट व्हायला सुरुवात होते आणि पुढे त्याचं टार्टर होतं, बादलीला आतून क्षार धरतात ना तसं, मग कितीही घासा, ब्रशने ते हलत नाही. आत्ता वाचता वाचता खालच्या पुढच्या दातांच्या मागून जीभ फिरवून बघा. खरखरीत लागतंय? बहुतेकांना तिथेच आधी जमतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात.

आता यातली चांगली बातमी अशी की हिरडी नुसती सुजली असेल, लाल झाली असेल, रक्त येत असेल, तर ते पूर्ण बरं होतं. नीट सफाई सुरू केली की साधारण एक-दोन आठवड्यांत फरक दिसतो. नाही दिसला किंवा रक्त जास्तच यायला लागलं तर मात्र डेंटिस्टकडे जायचं, थांबायचं नाही. कारण ही सूज हिरडीखाली उतरली की दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, आणि ते गेलेलं हाड आपसूक परत येत नाही. आणि हे सगळं होताना बऱ्याचदा काहीही दुखत नाही. म्हणून मला ते "काही दुखत नाहीये ना, मग कशाला जायचं" ऐकलं की खरंच चिडायला होतं. किडीचंही तेच, वरच्या इनॅमलला नसच नसते, त्यामुळे कीड आतल्या थरापर्यंत पोचेस्तोवर कळतच नाही आणि कळतं तेव्हा फिलिंगवर भागेल की रूट कॅनाल करावं लागेल हा प्रश्न असतो.

सिगरेट ओढणाऱ्यांची तर जास्तच फसगत होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणजे वाटतं सगळं ठणठणीत, आणि आत हाड जातच असतं. डायबिटीस असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की शुगरही आटोक्यात राहायला त्रास होतो, दोन्हीकडून मार.

मग तो लाडका गैरसमज, "क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात." नाही हो. हाड आधीच गेलेलं असतं, टार्टरच्या थराने दात एकमेकांना चिकटून उभे असतात, तो थर काढला की खरी परिस्थिती दिसते. फटी पडल्यासारख्या वाटतात त्याही टार्टर भरलेल्या जागा असतात आणि सूज उतरून हिरडी आक्रसते म्हणून. थोडे दिवस थंड लागतं, ते कमी होतं.

घरी करायचं काय तर फार काही नाही. सॉफ्ट ब्रश, कडक ब्रशने रगडून दात चमकत नाहीत, हिरडी मात्र खाली सरकते. ब्रश तिरका धरून केस हिरडी आणि दाताच्या सांध्यात जातील असा, हलक्या हाताने, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. आणि एकदाचं चुकणारच असेल तर सकाळचं चुकवा, रात्रीचं नको, कारण झोपेत लाळ कमी होते आणि लाळ हीच तर तोंडातलं अ‍ॅसिड निवळवते. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड किती ते वाचा, मोठ्यांसाठी 1000 ते 1500 पीपीएमच्या मधलं हवं. शेवटी पेस्ट थुंकायची आणि खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये. विचित्र वाटतं सुरुवातीला, होते सवय.

पण ब्रश दोन दातांच्या मध्ये पोचतच नाही, हे कोणी सांगत नाही. मागच्या दोन दाढांच्या मधून फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा, ओढून काढा आणि एकदा वास घ्या त्याचा. बस्स. पुढे कुणी समजवायची गरज पडणार नाही. फटी मोठ्या असतील तर फटीत जाणारे छोटे ब्रश जास्त सोयीचे. माउथवॉश हे काम करत नाही.

आणि "पडला दात तर इम्प्लांट बसवू" म्हणणाऱ्यांसाठी: इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताला, कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीची हिरडी तशीच सुजते, हाड तसंच झिजतं आणि तोही हलायला लागतो.