पालीचा वकील

घरातली पाल हाकलायला किमान तीन माणसं लागतात. एक झाडू घेऊन स्टुलावर चढणारं, एक दारात उभं राहून किंचाळणारं आणि एक बसल्या जागेवरून "तिकडे नाही रे, ट्यूबलाइटच्या मागे गेली" असं सांगणारं. आमच्याकडे ही कामं अनुक्रमे मी, सौ. आणि आई अशी वाटलेली आहेत. मे महिन्यात चौथं माणूस येतं. बहिणीचा मुलगा, इयत्ता पाचवी. तो स्टूल धरतो आणि प्रश्न विचारतो.

"मामा, ती पडत का नाही?"

"पाय चिकट असतात तिचे."

"मग भिंतीवर डिंकाचे ठसे का नाहीत?"

स्टूल त्याच्याच हातात असल्यामुळे 'गप्प बस' म्हणायची सोय नव्हती. मी बीएस्सी आहे. त्यानंतरचं सगळं आयुष्य बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात गेलं, पण ही बाब आमच्या घरात कुणी विचारात घेत नाही. रात्री वाचत बसलो.

पालीच्या पायाला डिंक नसतोच. खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल बसली की आतून तिच्या बोटांखालच्या आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. त्या पट्ट्यांवर केस असतात. टोके नावाच्या दांडग्या पालीच्या एकेका पावलावर सुमारे 5 लाख. आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढे बारीक आणि वर प्रत्येकाला शेकडो फाटे. हे फाटे भिंतीला इतके खेटतात की रेणूरेणूंमधली क्षीण ओढ, म्हणजे व्हॅन डर वाल्स बल, कामाला येते. एकेकटी ओढ किरकोळ, पण लाखोंच्या संख्येने पाल तोलून धरते. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी 2000 साली अशा एका केसाची पकड मोजली. एकच केस! वाचताना मला आमच्या ऑडिटरसाहेबांची फार आठवण झाली.

सकाळी चहाबरोबर हे सगळं भाच्याला ऐकवलं. त्याने बिस्किट बुडवून शांतपणे विचारलं, "एवढी चिकटते, तर पाय उचलते कसा?"

तेही शोधलं. सेलोटेप कोपऱ्यातून सोलावी तशी ती बोटं टोकाकडून वर वळवते. केसांचा कोन बदलला की पकड सुटते. धावताना हे सेकंदात कितीतरी वेळा चालतं, आणि मी मात्र झाडू उचलेपर्यंत दमतो.

मधल्या काळात घरगुती उपायही चालू होते. सौ.ने अंड्याची टरफलं मांडली. आईने मोरपीस टांगलं, मोराला पाल भिते म्हणून. संध्याकाळी पाल त्या पिसाला टेकून बसलेली. भाच्याने आजीला विचारलं, "पण आजी, डोंबिवलीतल्या पालीने मोर बघितलाय का?" आईने विषय बदलून पंचांग काढलं आणि पल्लीपतनाचं पान दाखवलं. पाल कुठल्या अंगावर पडली की काय फळ, सगळं छापलेलं. तो माझ्याकडे वळला. "मामा, ती पडते तर! तू तर म्हणालास लाखो केस आहेत." आता भांडताना किंवा किड्यावर झेपावताना पालीही घसरतात, हे मी पुरवणी उत्तर म्हणून जोडलं.

आई म्हणाली, "पडो न पडो, विषारी असते मेली." तेही खरं नाही. आपल्याकडची एकही पाल विषारी नाही. तिच्या लेंडीतून साल्मोनेला पसरू शकतो, एवढंच. पांढऱ्या टोकाची ती लेंडी. ते पांढरं म्हणजे युरिक ॲसिड, पाणी वाचवून केलेली लघवी. ही माहिती दिल्याबद्दल ओटा पुसायचं काम माझ्याकडे आलं.

आणि मग एका रात्री झाडू लागला. पाल सटकली, शेपूट ओट्यावर. एवढीशी राखाडी शेपटी, पण उडी मारतेय, कोलांट्या खातेय, गॅसच्या शेगडीखाली जाऊन परत बाहेर येतेय. सौ. थेट जिन्यात. भाचा मात्र नाक लावून बघत होता. "रक्त का नाही आलं?"

शेपटीच्या मणक्यांत तुटायच्या जागा जन्मापासूनच तयार असतात, तुटताच तिथले स्नायू आवळले जातात. नवी शेपूट येते, पण आत हाडाऐवजी कूर्चेची दांडी असते. शिवाय शेपटीत तिने चरबी साठवलेली असते, अडीअडचणीला.

"म्हणजे मामा, तू तिची एफडी मोडलीस."

बँकेतल्या माणसाला याहून लागेल असं काही बोलता येत नाही. झाडू कपाटामागे गेला तो गेलाच. त्या दिवसापासून तो पालीचा वकील, आणि आम्ही तिघं आरोपी.

सौ.ची बाजू राहावी म्हणून मी शेवटचा मुद्दा काढला. पाल एका गोष्टीवर घसरते, टेफ्लॉनवर. तोच नॉनस्टिक तव्यावरचा थर. फक्त तो कोरडा हवा. ओल्या टेफ्लॉनवर ती बऱ्यापैकी चिकटते, असं अमेरिकेतल्या ॲक्रन विद्यापीठातल्या संशोधकांना 2013 साली आढळलं. भाच्याने हे वहीत लिहून घेतलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सुट्टी संपून तो घरी गेला. त्याच आठवड्यात बहिणीचा फोन. "दादा, काय शिकवून पाठवलंयस याला? माझा नवा तवा बाथरूमच्या भिंतीला टेकवून समोर बसलाय. डोसे कशावर घालू?"

"प्रयोग चाललाय गं. दोन दिवस लोखंडी वापर."

"ते ठीक. पण सारखं तव्यावर पाणी का शिंपडतोय?"

"पालीची सोय," मी म्हटलं आणि फोन सौ.कडे दिला.